हाताशी ठेवलेली प्रत

भोसरी, तळवडे, कुरुळी, म्हाळुंगे, कुठल्याही मशिन शॉपमध्ये शिरा. मशिनशेजारी स्टँडवर प्लास्टिकच्या पाकिटात घातलेलं एक ड्रॉइंग लटकत असतं. कोपरे मुडपलेले, तेलाचे डाग, आणि वर लाल शाईचा शिक्का: ‘कंट्रोल्ड कॉपी’. शिक्क्याच्या आत प्रतीचा क्रमांक, तारीख आणि सही. ही प्रत कुठल्या मशिनवर आहे, कुणाच्या ताब्यात आहे, याची नोंद ऑफिसातल्या रजिस्टरमध्ये असते. ड्रॉइंग बदललं, ‘रेव्ह बी’ जाऊन ‘रेव्ह सी’ आलं, की क्वालिटीचा माणूस रजिस्टर काखेत मारून शॉपभर फिरतो, जुनी प्रत काढून तिच्यावर ‘ऑब्सोलीट’ मारतो आणि नवी लावतो. एखाद्या मशिनवर जुनी प्रत राहून गेली तर तिथे पाळीभर अगदी काटेकोर मापाचे, पण कुणाच्याही उपयोगाचे नसलेले पार्ट निघत राहतात.

याच ऑफिसातल्या संगणकात नेमका हाच उद्योग सेकंदाला लाखो वेळा चालू असतो. तिथे ना शिक्का दिसतो ना रजिस्टर, पण दोन्ही असतात. मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये ‘कॅशे साफ करा’ असं बटण आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. कॅशे म्हणजे लांबून आणलेल्या माहितीची जवळ ठेवलेली प्रत. व्याख्या एवढ्यावर संपते. पण प्रत हाताशी आली, तिच्या मागे दुसरी, दुसरीच्या मागे तिसरी अशी रांग लागली, की त्या रांगेत जे घडतं ते पहिल्यांदा कळल्यावर मी चकितच झालो होतो. रांगेतला प्रत्येक कप्पा पडद्यासारखा वागतो. खालच्याला वर काय बदललं ते कळत नाही आणि वरच्याला खाली काय वापरलं जातंय ते दिसत नाही.

आधी ‘लांब’ म्हणजे किती लांब ते पाहू.

चाकण एके काळी कांद्याच्या बाजारासाठी आणि संग्रामदुर्गासाठी ओळखलं जायचं. १९९९ मध्ये तिथे बजाज ऑटोचा कारखाना आला. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. नव्वदच्या दशकात पिंपरीला टेल्कोच्या आवारात गाड्या जोडणारी मर्सिडीजही त्याच वर्षी स्वतःच्या जागेत चाकणला आली. आता समजा, चाकणच्या एखाद्या इंजिनिअरला जर्मनीतल्या सर्व्हरवर असलेलं गाडीच्या एका भागाचं त्रिमितीय मॉडेल उघडायचं आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. सरळ रेषेत अंतर साधारण साडेसहा हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ६५ मिलिसेकंद. केबल अर्थातच सरळ जात नाही, ती मुंबईहून समुद्रात उतरते आणि वळणं घेत जाते. त्यामुळे प्रत्यक्ष फेरी शंभर मिलिसेकंदांच्या वर जाते.

शंभर मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा दहावा भाग, त्यात काय एवढं, असं वाटेल. पण गाडीच्या एका मोठ्या असेंब्लीत तीन हजार पार्ट असतील आणि सॉफ्टवेअर प्रत्येक पार्टसाठी वेगळी विनंती, एकामागून एक, पाठवत असेल, तर नुसत्या वाट पाहण्यात ३०० सेकंद गेले. पाच मिनिटं! फाइलचा आकार, लाइनची रुंदी यांचा हिशोब अजून धरलेलाच नाही. इंटरनेटची लाइन दुप्पट केली तरी ही पाच मिनिटं हलत नाहीत, कारण प्रकाशाला जादा पैसे देऊन लवकर बोलावता येत नाही. उपाय दोनच. एक, तीन हजार विनंत्यांची मोट बांधून एकदम पाठवायची. दोन, एकदा आणलेलं जवळ ठेवायचं.

वाहन उद्योगात वापरल्या जाणाऱ्या सीमेन्सच्या टीमसेंटर या प्रणालीत ही सोय उघडपणे थरांत बसवलेली आहे. मूळ फाइली मुख्य साठ्यात असतात. लांबच्या कारखान्यात एक ‘सर्व्हर कॅशे’ असतो, तो तिथल्या सगळ्यांसाठी. इंजिनिअरच्या संगणकावर ‘क्लायंट कॅशे’ असतो, तो फक्त त्याच्यासाठी. फाइल आधी स्वतःच्या संगणकात शोधायची, मग कारखान्यातल्या सर्व्हरकडे मागायची आणि तिथेही नसेल तरच समुद्रापार जायचं.

पण हे झाले नावानिशी दिसणारे थर. इंजिनिअरच्या संगणकाच्या आत डोकावलं तर तिथे आणखी थर आहेत. प्रोसेसरच्या पोटातच तीन कॅशे असतात. सगळ्यात आतला काही किलोबाइटचा, मधला त्याहून मोठा, बाहेरचा काही मेगाबाइटचा. त्यानंतर मेमरी, त्यानंतर डिस्क. ही कल्पना साठ वर्षं जुनी आहे. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये एका छोट्याशा लेखात ती मांडली. मोठ्या, संथ मेमरीपुढे एक छोटी, चपळ मेमरी ठेवायची आणि नुकतं वापरलेलं तीत राहू द्यायचं. आयबीएमने १९६८ मध्ये जाहीर केलेल्या ‘सिस्टिम ३६०, मॉडेल ८५’ या यंत्रात ती बाजारात आली. त्याचा कॅशे १६ किलोबाइटचा होता. आज व्हॉट्सॲपवरच्या ‘सुप्रभात’च्या एका फोटोत असे कितीतरी कॅशे मावतील.

या थरांमधली तफावत आकड्यांत सांगितली तर डोक्यात शिरत नाही, म्हणून लाइनवरच्या ऑपरेटरच्या वेळेत मोजू. ऑपरेटरने हात लांब करून शेजारच्या बिनमधला बोल्ट उचलला, त्याला एक सेकंद लागला असं धरा. हा झाला प्रोसेसरचा सगळ्यात आतला कॅशे, प्रत्यक्षात सुमारे एक नॅनोसेकंद. याच मापाने मेमरीतून माहिती आणणं म्हणजे दीड-पावणेदोन मिनिटं, उठून रॅकपर्यंत जाऊन येण्याइतकं. चांगल्या एसएसडी डिस्कवरून आणायचं तर एक दिवस आणि वर काही तास. जुन्या फिरत्या डिस्कवरून आणायचं तर जवळजवळ चार महिने. आणि जर्मनीहून? तीन वर्षांहून जास्त. एका बोल्टसाठी ऑपरेटर तीन वर्षं हात पसरून उभा! आधुनिक संगणक चालतो तो केवळ ही वेळ क्वचित यावी म्हणून केलेल्या खटाटोपामुळे.

खटाटोप यशस्वी होतो तो माणसाच्या सवयीमुळे. आत्ता वापरलेली गोष्ट पुन्हा लवकरच लागते आणि तिच्या शेजारचीही लागते. ब्रॅकेटवर काम करणारा इंजिनिअर दिवसभर तेच ब्रॅकेट, तोच पॅनेल, तेच चार बोल्ट उघडझाप करत असतो. हा निसर्गनियम वगैरे काही नाही, कामाचा ढंग आहे. कॅशे छोटा असूनही पुरतो तो या ढंगावर.

आता त्या पडद्याची एक बाजू.

चाकणच्या असेंब्ली लाइनवर नट-बोल्टसाठी बऱ्याच ठिकाणी ‘टू-बिन’ पद्धत असते. ऑपरेटरजवळ दोन बिन. एक रिकामा झाला की कार्डासकट स्टोअरला जातो, तोवर दुसऱ्यावर काम चालतं. बिनमध्ये दिवसभर पुरतील असे ५०० बोल्ट मावत असतील तर स्टोअरकीपरला ५०० वापरांमागे एकच कार्ड दिसतं. आता असा एखादा गॅस्केट घ्या, जो दिवसातून एकदाच लागतो आणि थेट स्टोअरमधून मागवला जातो. त्याचंही दिवसाला एक कार्ड. कार्डांवरून पाहिलं तर बोल्ट आणि गॅस्केट यांची मागणी सारखीच! बिन आणखी मोठा केला, आठवडाभर पुरेल एवढा, तर स्टोअरकीपरच्या दृष्टीने हा बोल्ट जवळजवळ कुणाला नकोच असलेला माल ठरतो. तो त्याला मागच्या रॅकवर ढकलून देईल.

सर्व्हरच्या कॅशेचं हेच होतं. इंजिनिअर एखादी फाइल दिवसातून पन्नास वेळा उघडतो, पण सर्व्हरकडे ती सकाळी एकदाच मागितली जाते. पुढच्या एकोणपन्नास वेळा ती त्याच्याच संगणकातून मिळते. सर्व्हरला वाटतं, सकाळपासून हिची चौकशी नाही. कॅशे भरला की जागा करण्यासाठी ‘सगळ्यात जास्त काळ न वापरलेलं आधी काढा’ हा सर्रास वापरला जाणारा नियम. त्या नियमाने दुपारपर्यंत सगळ्यात लाडकी फाइल सर्व्हरच्या मेमरीतून बाहेर. आणि सर्व्हरने सांभाळून काय ठेवलेलं असतं? जे त्याने नुकतंच कुणाला तरी दिलं ते. म्हणजे जे आता त्या माणसाच्या हातात आहे आणि जे तो इतक्यात पुन्हा मागणार नाही, नेमकं तेच! दोन कप्प्यांत तोच माल, आणि मागचा कप्पा भरलेला असून रिकाम्यासारखा. दोन्हींत प्रत्येकी हजार फाइली मावत असतील तर एकूण दोन हजार वेगळ्या फाइली जवळ असायला हव्यात, पण प्रत्यक्षात हजाराच्या आसपासच असतात.

मिशिगन विद्यापीठातल्या म्यून्ट्झ आणि हनीमन यांनी १९९२ मध्ये हे मोजून दाखवलं. क्लायंट आणि मुख्य सर्व्हर यांच्यामध्ये एक मधला सर्व्हर बसवला तर त्याच्या कॅशेतून किती विनंत्या भागतात हे त्यांनी तपासलं आणि उत्तर आश्चर्य वाटावं इतकं कमी आलं. मधल्या थराच्या वाट्याला क्लायंटच्या चाळणीतून उरलेला गाळच येत होता. त्यांच्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच मधल्या कॅशेची कचरा म्हणून टर उडवलेली आहे. संशोधकांनी असा वात्रटपणा अधूनमधून करावा, वाचायला बरं वाटतं.

मग मधल्या कप्प्याने करायचं काय? २००१ मध्ये झोऊ, फिल्बिन आणि ली यांनी सुचवलं, की मधल्या थराने ‘शेवटचं कधी मागितलं’ याकडे बघू नये, ‘एकूण किती वेळा मागितलं’ याकडे बघावं, आणि धीर धरावा. क्लायंटच्या कॅशेतून गळून पडलेली फाइल परत मागितली जायला वेळ लागतो, म्हणून मधल्या थराची आठवण लांब पल्ल्याची हवी. पुढच्याच वर्षी वाँग आणि जॉन विल्क्स यांनी (हे विल्क्स वेगळे, केंब्रिजचे नव्हेत) आणखी सरळ मार्ग काढला. सर्व्हरने एखादी गोष्ट क्लायंटला दिली की स्वतःच्या यादीत तिला शेपटाला टाकायचं. आणि क्लायंटने जागेअभावी एखादी गोष्ट काढली की ती फेकून न देता सर्व्हरकडे परत पाठवायची. सर्व्हर तिला यादीच्या डोक्यावर ठेवणार. बिनमध्ये उरलेले बोल्ट पाळीअखेर स्टोअरला परत करावेत तसं. दोन कप्पे मिळून एक मोठा कप्पा तयार झाला. यासाठी नेटवर्कवर जादा ये-जा करावी लागते हे खरं. एकाच इमारतीतल्या, झपाट्याने बोलणाऱ्या यंत्रांत ती परवडते. चाकणहून जर्मनीला ‘ही घ्या तुमची फाइल परत’ म्हणून पाठवत बसणं मात्र मूर्खपणाचं होईल. जो उपाय एका थराला लागू पडतो तो शेजारच्या थराला लागू पडेलच असं नाही, आणि या विषयात गुंतलेल्यांची निम्मी डोकेदुखी तीच आहे.

काय ठेवायचं आणि काय काढायचं याचं सर्वोत्तम उत्तर मात्र १९६६ पासून माहीत आहे. आयबीएममधल्या लास्लो बेलाडी यांनी ते मांडलं. जी गोष्ट सगळ्यात उशिरा लागणार आहे ती काढा. एका ओळीचं उत्तर, पण वापरायचं कसं? त्यासाठी भविष्य माहीत हवं. संगणकाला ते माहीत नसतं, म्हणून तो भूतकाळाकडे बघून अंदाज बांधतो, आणि बेलाडींचा नियम इतर नियमांची परीक्षा घेण्यापुरता कागदावर वापरला जातो.

गाड्यांच्या कारखान्याला मात्र भविष्य माहीत असतं! पुढच्या काही तासांत लाइनवर कुठल्या रंगाची, कुठल्या इंजिनाची, डाव्या की उजव्या स्टिअरिंगची गाडी कितव्या क्रमाने येणार हे ठरलेलं असतं. म्हणून तर सीट बनवणारा पुरवठादार सीट नुसत्या वेळेवर पाठवत नाही, त्या लाइनच्या क्रमानेच ट्रकमध्ये लावून पाठवतो. तळेगाव चौकात ट्रक अडकला तर बोंब होते हा भाग वेगळा. पण तत्त्व बघा, जी गोष्ट संगणकशास्त्रात अप्राप्य आदर्श म्हणून शिकवतात ती चाकणच्या शेडमध्ये रोज घडते. आणि हा क्रम संगणकालाही सांगता येतो. लाइनवरच्या स्क्रीनला पुढच्या वीस गाड्या कुठल्या ते कळलं, तर त्यांच्या कामाच्या सूचना, आकृत्या, टॉर्कचे आकडे गाडी समोर यायच्या आधीच त्याच्या कॅशेत आणून ठेवता येतात. अंदाज लावायची गरजच उरत नाही. माझ्या मते कारखान्यांत सॉफ्टवेअर बसवणाऱ्यांनी या देणगीचा पुरेसा फायदा करून घ्यायला हवा. बँकेच्या किंवा बातम्यांच्या सर्व्हरला पुढची विनंती कुठली येणार हे स्वप्नातही कळत नाही.

आता पडद्याची दुसरी बाजू, म्हणजे लाल शिक्क्याचा प्रश्न. वर बदल झाला हे खालच्या प्रतीला कळणार कसं?

१९८० च्या दशकात अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात आयबीएमच्या मदतीने ‘अँड्र्यू’ नावाची प्रणाली बांधली जात होती. हजारो संगणक, सगळ्यांच्या फाइली सर्व्हरवर, आणि प्रत्येक संगणकाच्या डिस्कवर वापरलेल्या फाइलींच्या प्रती. फाइल-प्रणालीच्या कामात आयआयटी मद्रासमधून शिकून गेलेले महादेव सत्यनारायणन आघाडीवर होते. पहिल्या आवृत्तीत प्रत्येक संगणक फाइल उघडताना दर वेळी सर्व्हरला विचारायचा, माझी प्रत अजून ताजी आहे ना? विचारणं एवढंसंच. पण सर्व्हरवर आलेल्या विनंत्या मोजल्यावर कळलं, की त्यांतल्या निम्म्याहून जास्त याच प्रश्नाच्या आहेत. खरोखर फाइल आणण्याच्या विनंत्या अगदी थोड्या. फाइल देऊन नव्हे, ‘हो, ताजी आहे’ सांगून सांगून सर्व्हर थकत होता.

दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी बाजू उलटवली. क्लायंटने विचारायचं नाही. प्रत देतानाच सर्व्हरने वचन द्यायचं, की ही बदलली तर मी होऊन कळवीन. कुणाकडे कुठली प्रत आहे याची नोंद सर्व्हरने ठेवायची. भोसरीच्या क्वालिटीवाल्याच्या काखेतलं रजिस्टर ते हेच.

रजिस्टरच्या अडचणीही जशाच्या तशा येतात. सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला आणि नोंदी पुसल्या गेल्या तर? किंवा ज्याला कळवायचं त्याचा लॅपटॉपच बंद असेल तर? ऑपरेटर ड्रॉइंग लॉकरमध्ये ठेवून गावाला जत्रेला गेलाय आणि किल्ली त्याच्या खिशात आहे, अशातली गत. त्याची पोच येईपर्यंत नवी आवृत्ती अडवून ठेवायची का? १९८९ मध्ये स्टॅनफर्डच्या ग्रे आणि चेरिटन यांनी यावर मुदतीचा उपाय सुचवला. वचन द्यायचं, पण ठरावीक काळापुरतं. मुदत संपली की प्रत आपोआप अग्राह्य, हवी असेल तर पुन्हा मागा. ज्याच्याशी संपर्क होत नाही त्याच्यासाठी जास्तीत जास्त मुदत संपेपर्यंत थांबायचं, मग पुढे जायचं. काही सेकंदांची मुदतही पुरेशी ठरते असं त्यांनी दाखवलं. कारखान्यांत ड्रॉइंगच्या प्रिंटखाली ‘छापल्याच्या दिवसापुरतीच ग्राह्य’ अशा अर्थाची ओळ असते. तीही मुदतच. रजिस्टर सांभाळायची कटकट नको म्हणून घातलेली.

भोसरीतल्या लहान वर्कशॉपमध्ये टीमसेंटर नसतं, पण एक शेअर्ड ‘झेड ड्राइव्ह’ असतो आणि विंडोज तिथेही गुपचूप हाच खेळ खेळते. फाइल एकट्यानेच उघडली असेल तर त्याच्या संगणकाला मुभा मिळते, की बदल आपल्याजवळच ठेव, सारखं सर्व्हरला सांगत बसू नकोस. दुसऱ्या कुणी तीच फाइल उघडायला घेतली की सर्व्हर पहिल्याला सांगतो, मुभा संपली, जे साठलंय ते आधी जमा कर. दुसऱ्याला फाइल उघडताना जो क्षणभर ताटकळावं लागतं तो कधी कधी या हिशोबाच्या मिटवामिटवीचा असतो.

हे सगळं दोन थरांत निभावून जातं. थर वाढले की मुदतींची बेरीज होते, आणि हे पटकन लक्षात येत नाही. समजा प्रत्येक थराने ठरवलं, की आणलेली प्रत ६० सेकंद ताजी मानायची. कारखान्याच्या सर्व्हरने ५९ सेकंद जुनी प्रत दिली, क्लायंटने ती हातात पडल्यापासून पुन्हा ६० सेकंद मोजले. वर तिसरा थर असेल तर कमाल शिळेपणा तीन मिनिटांवर गेला. कुणीच नियम मोडलेला नाही. म्हणून वेबसाठी १९९७ मध्ये ठरलेल्या नियमांत, प्रत पुढे देताना तिचं वय सोबत सांगायची सोय केली गेली. पुढच्याने शून्यापासून न मोजता त्या वयापासून मोजायचं.

माणसांच्या साखळीत तर ही बेरीज आणखी ठसठशीत आहे. वाहन उद्योगातल्या पुरवठादारांना लागू असलेल्या ‘आयएटीएफ १६९४९’ या मानकात अशी अपेक्षा आहे, की ग्राहकाकडून तांत्रिक बदल आला की त्याचा आढावा १० कामकाजाच्या दिवसांत घेतला जावा. गाडीवाल्याकडून मोठ्या पुरवठादाराकडे, त्याच्याकडून मधल्याकडे, मधल्याकडून भोसरीच्या वर्कशॉपकडे. प्रत्येकाने पूर्ण मुदत वापरली तर ३० कामकाजाचे दिवस, आणि तिन्ही ठिकाणी ऑडिटर समाधानाने मान डोलावणार.

इथवर वाचण्याचं झालं. लिहिण्याचा प्रश्न वेगळा, पण त्याचं उत्तर कारखान्यात लवकर सापडतं. लाइनवरचं इलेक्ट्रॉनिक टूल प्रत्येक महत्त्वाच्या बोल्टचा टॉर्क नोंदवतं. ही नोंद सर्व्हरपर्यंत पोहोचून पोच आल्याशिवाय गाडी पुढे सोडायची नाही असं ठरवलं, तर नेटवर्क मंदावलं की लाइन थांबते, आणि लाइन थांबण्यासारखं पाप नाही. नोंद नुसती जवळच्या मेमरीत ठेवून गाडी सोडली, तर पावसाळ्यात वीज गेली की नोंदही गेली. म्हणून नोंद जवळच्याच डिस्कवर पक्की करायची, गाडी सोडायची आणि सर्व्हरकडे सवडीने पाठवायची. फक्त ज्या काळात नोंद इथे आहे आणि तिथे नाही, त्या काळात ऑफिसात बसून अहवाल बघणाऱ्याला ती गाडी अर्धवट जोडलेली दिसणार, हे त्याला आधीच सांगून ठेवलेलं बरं.

प्रती शिळ्या होण्यावर मला सगळ्यात सुंदर वाटणारा तोडगा वेगळाच आहे. फाइल कधी बदलायचीच नाही! मोठ्या डिझाइन-प्रणालींत सर्रास हे केलं जातं. ब्रॅकेटचं माप बदललं की जुन्या फाइलवर लिहायचं नाही, नवी फाइल करायची आणि तिला जगात दुसऱ्या कशालाच नसेल असं लांबलचक ओळखनाव द्यायचं. एकदा एका ओळखनावाखाली जे साठवलं ते कायम तेच राहतं. मग त्या नावाची प्रत पिंपरीत असो, चाकणला असो की जर्मनीत, ती शिळी होऊच शकत नाही. ती ‘रेव्ह बी’ आहे आणि शेवटपर्यंत अस्सल ‘रेव्ह बी’च राहणार. शेकडो मेगाबाइटच्या फाइली हव्या तितक्या थरांत, हव्या तितका काळ निर्धास्त ठेवा. मुदत नको, रजिस्टर नको. वेबसाइट बनवणारेही आपल्या फाइलींच्या नावांत असंच एक गिचमिड अक्षरांचं शेपूट लावतात ते याचसाठी.

अर्थात प्रश्न नाहीसा झाला नाही, तो आकसला. आता बदलणारी गोष्ट एकच उरली: ‘या ब्रॅकेटची सध्या चालू असलेली फाइल कुठली?’ उत्तर म्हणजे एक ओळखनाव, काही डझन अक्षरं. पण हे उत्तर ताजंच हवं. त्यामुळे ते जवळ फार काळ ठेवता येत नाही आणि सगळ्यांना ते पुन्हा पुन्हा विचारावं लागतं.

आणि सगळे ते एकदम विचारतात. पिंपरी-चिंचवडच्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. शुक्रवारी सकाळी पहिल्या पाळीला शेकडो संगणक पाच-दहा मिनिटांत सुरू होतात. मेमरीतलं सगळं पुसलं गेलेलं असतं. डिस्कवरच्या प्रती शाबूत असतात, पण ‘चालू फाइल कुठली’ याची मुदत प्रत्येकाची संपलेली असते. एरवी थरांमागे निवांत बसलेल्या मुख्य सर्व्हरवर सगळा लोंढा थेट आदळतो. उत्तर यायला उशीर झाला की क्लायंट कंटाळून पुन्हा विचारतात आणि लोंढा दुप्पट होतो. एकदा यातून निभावलं तरी सगळ्यांना उत्तर एकाच वेळी मिळालेलं असतं, म्हणून सगळ्यांच्या मुदतीही एकाच वेळी संपतात आणि ठरावीक अंतराने तीच लाट पुन्हा येत राहते.

यावर प्रोग्रामर करतात ते असं. मुदत सगळ्यांना सारखी द्यायची नाही. ६० सेकंदांऐवजी कुणाला ५२, कुणाला ६७, कुणाला ५८, अगदी चिठ्ठ्या टाकल्यासारखी. लाट आपोआप विस्कटते आणि सर्व्हरला दम मिळतो. गंमत अशी की ज्या सुट्टीनंतर ही लाट उठते, ती गुरुवारची सुट्टी याच युक्तीतून आलेली आहे. राज्यातल्या सगळ्या औद्योगिक भागांनी एकाच दिवशी यंत्रं बंद ठेवू नयेत, विजेचा भार आठवड्यावर पसरावा, म्हणून वीज मंडळाच्या काळापासून वेगवेगळ्या भागांना सुट्टीचे वेगवेगळे वार वाटून दिले गेले. पिंपरी-चिंचवडच्या वाट्याला गुरुवार आला.